प्राथमिक शाळेतील बक्षिसे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप



शाळेचे स्नेहसंमेलन म्हटले की मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांसाठी आणलेले हार आणि टेबलावर रंगीत कागदात बांधून ठेवलेली बक्षिसे हे दृश्य आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाची नावे पुकारली जातात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. चाळीस मुलांच्या वर्गातील तिघे बक्षीस घेऊन घरी जातात. उरलेले सदतीस टाळ्या वाजवतात आणि रिकाम्या हातांनी घरी जातात. या सदतिसांचे काय, हा प्रश्न प्राथमिक शिक्षक म्हणून मी स्वतःला फार उशिरा विचारला.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. पहाटे उठून तो घरोघरी पाव टाकीत असे आणि मग धावतपळत शाळेत येई. त्याला रोज दहा मिनिटे उशीर व्हायचा आणि मी त्याला रोज दारात उभा करायचो. संमेलनाच्या आदल्या दिवशी मंडपात बाके वाहण्यात तो सर्वांत पुढे होता. बक्षिसांच्या यादीत मात्र त्याचे नाव असण्याचे कारणच नव्हते. पुढल्या वर्षी तो पाचवीत आला नाही. आपण वर्षभरात त्याला एकदाही 'शाबास' म्हटले नाही, हे मला तो गेल्यावर आठवले. तेव्हापासून शाळेतील बक्षिसे कोठून आली, ती कोणासाठी होती आणि त्यांनी काय साधले याचा मी शोध घेऊ लागलो. जे हाती लागले त्यातील थोडे आपल्यापुढे ठेवतो.

लहान मुलांच्या वर्गात बक्षिसांची पद्धतशीर योजना करणाऱ्यांत जोसेफ लँकेस्टर याचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. 1798 साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्याने लंडनच्या साउथवर्क भागात गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. मुले शेकड्यांनी आणि शिक्षक एकच, तेव्हा पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवीत. या मुलांना 'मॉनिटर' म्हणत. आपल्या वर्गातील मॉनिटर हा त्याच परंपरेचा वारस आहे. अशीच पद्धत अँड्र्यू बेल याने त्याआधी आपल्या देशात, मद्रासच्या अनाथालयात वापरली होती. मलबारी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत असल्याचे पाहून त्याला तिची कल्पना सुचली. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या धूळपाटीचाही या इतिहासात वाटा आहे.

लँकेस्टर हा छडीच्या विरुद्ध होता, हे त्याचे मोठेपण मान्य केले पाहिजे. छडीऐवजी त्याने गुणांची तिकिटे, छातीवर लावायचे बिल्ले, चेंडू, भोवरे, पतंग अशी बक्षिसे ठेवली. परंतु त्याच शाळेत चुकणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवीत आणि काही वेळा त्याला टोपलीत बसवून सर्वांसमक्ष छताकडे ओढून घेत. एकाच्या छातीवर बिल्ला आणि दुसऱ्याच्या गळ्यात ओंडका! वर्गाची उतरंड लावण्यासाठी बक्षीस वापरले की त्याच्या पाठोपाठ अपमानही येतो, हा या प्रयोगाचा धडा होय.

आता लंडनहून आपल्या पुण्याकडे वळू. जोतीराव गोविंदराव फुले यांचे शिक्षण लहानपणीच थांबले होते आणि ते वडिलांबरोबर मळ्यात काम करू लागले होते. शेजारी राहणारे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी या मुलाची बुद्धी हेरली. मुलाला पुन्हा शाळेत घाला, म्हणून त्यांनी गोविंदरावांची समजूत काढली, आणि 1841 साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. वाचकहो, मुन्शीजींनी काही ढाल किंवा पदक दिले नव्हते. "हा मुलगा शिकला पाहिजे" असे एका शेजाऱ्याने दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगितले, एवढेच घडले. त्या शब्दाचे मोल पुढे साऱ्या महाराष्ट्राला कळले.

1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. या कार्यात फातिमाबाई त्यांच्या सोबतीस होत्या. सावित्रीबाईंनी 1856 साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा आपुलकीने उल्लेख आहे. सावित्रीबाईंच्या शाळेतील बक्षीस समारंभाची एक हकीकत सांगितली जाते. पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस घेताना एका मुलीने त्यांना विनंती केली, की आम्हांला खेळणी-खाऊ नको, आमच्या शाळेला ग्रंथालय द्या. त्या मुलीने स्वतःचे बक्षीस साऱ्या शाळेचे करून मागितले. वर्गात आपलेपणा कसा निर्माण होतो, हे यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

पुढे 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बक्षिसांचा विषय स्पष्टपणे मांडला. शेतकरी व गरीब वर्गांतील मुले थोडे दिवस शाळेत येतात, परंतु टिकून राहण्यास त्यांना कोणतेच उत्तेजन नसल्याने एखादे किरकोळ काम मिळताच ती शाळा सोडतात, असे त्यांनी नोंदविले. यावर उपाय म्हणून त्यांनी लहान लहान शिष्यवृत्त्या आणि सहामाही अथवा वार्षिक बक्षिसे सुचविली. शिक्षणाची गोडी लागावी, हा त्यांचा हेतू होता. त्याच निवेदनात त्यांनी मुसलमान समाज या शाळांपासून दूर राहतो, अशीही नोंद केली आहे. ती वाचताना आजही मनाला बोचते. अशा संस्थांच्या स्थापनेमागे हीच बोच आहे.

येथे थोडे थांबून विचार करा. आपल्या बक्षिसांच्या यादीत सर्वांत शेवटी 'उत्तेजनार्थ' अशी ओळ असते. पहिली तीन बक्षिसे वाटून झाल्यावर उरलेल्याची समजूत काढण्यासाठी ती असते. जोतीरावांच्या मनातील बक्षीस मात्र मुळातच उत्तेजनार्थ होते. शाळेच्या दाराबाहेर पडू पाहणाऱ्या मुलाला आत धरून ठेवणे हे त्याचे काम होते. माझ्या त्या पाववाल्या मुलासाठीच जणू ते सुचविलेले होते.

आपल्या जुन्या मकतबातही या बाबतीत एक चांगली चाल होती. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की अनेक घरांत 'बिस्मिल्लाह'चा समारंभ होई. पुढे कुरआन वाचून पूर्ण झाले की 'आमीन'चा समारंभ होई. त्या दिवशी उस्तादांना नजराणा मिळे आणि मकतबातील सर्व मुलांना मिठाई. पंतोजींच्या शाळेतही पाटीपूजनाच्या दिवशी मुलांना खाऊ वाटला जात असे. बारकाईने पाहिले तर या चालीत बक्षिसाची दिशाच निराळी आहे. यश एकाचे आणि तोंड गोड साऱ्यांचे! आपल्या सोबत्याचा पाठ लवकर पुरा व्हावा असे प्रत्येक मुलाला मनापासून वाटे, कारण त्याच्या यशात आपलाही वाटा आहे हे त्याला ठाऊक असे. मकतबात आणि पंतोजींच्या शाळेत छडीही होती, हे येथे लपवीत नाही. जुने ते सगळेच सोने नव्हे. परंतु ही वाटून घेण्याची रीत घेण्यासारखी आहे.

विसाव्या शतकात बक्षिसाकडे संशयाने पाहणारे शिक्षणतज्ज्ञ पुढे आले. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह काढले. तेथे त्यांनी एक प्रसंग पाहिला. एका मुलाला बक्षीस म्हणून गळ्यात क्रूस घातला होता. दुसऱ्याला शिक्षा म्हणून खोलीच्या मध्यभागी खुर्चीवर बसविले होते. पहिला आपल्या कामात इतका गढला होता की क्रूस गळून पडला तरी त्याला पर्वा नव्हती. शिक्षा झालेल्या मुलाने तो उचलला आणि "मी घालू का?" असे विचारले. पहिल्याने खुशाल घाल म्हणून सांगितले व तो पुन्हा कामाला लागला. ज्याला कामाची गोडी लागली त्याला पदकाची ओढ नसते, हे माँटेसरीबाईंना त्या दिवशी उमगले.

हा विचार आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी रुजविला. ताराबाईंनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभारले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. पुढे 1957 पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांत काम केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली. तिचे नाव कुरणशाळा. मुलाला आमिष दाखवून ओढण्यापेक्षा त्याची अडचण ओळखून शाळेनेच दोन पावले पुढे जावे, ही त्यामागील दृष्टी होती.

बक्षिसाविषयीचा हा संशय पुढे प्रयोगानेही तपासला गेला. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील चित्रे काढण्याची आवड असलेल्या 51 मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मुलांना चित्र काढल्यास सोनेरी चांदणीचे प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधीच सांगितले. काहींना तेच पत्र काही न सांगता नंतर दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तो बक्षिसाच्या करारावर चित्रे काढणारी मुले आता इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढीत होती. अनपेक्षित शाबासकी मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

मग जोतीराव बरोबर की हे मानसशास्त्रज्ञ? माझ्या मते दोघेही बरोबर आहेत. ज्याला एखादे काम मुळातच आवडते, त्याला आमिष दाखवू नये, त्याने गोडी आटते. ज्याला शाळेत येणेच कठीण आहे, त्याला आधाराचा हात दिलाच पाहिजे, तेथूनच गोडी सुरू होते.

सबंध वर्ग एकत्र बांधणारे बक्षीस असू शकते काय? 1969 साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात चौथीच्या एका गोंगाटी वर्गावर असा प्रयोग झाला. वर्गातील 24 मुलांचे दोन गट केले. नियम मोडला की गटाच्या नावापुढे फळ्यावर खूण होई. खुणा ठरावीक मर्यादेत राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकत, ही त्यातील खरी खुबी. बक्षिसेही साधी होती : नावापुढे चांदणी, जेवणाच्या रांगेत पहिला मान, आवडत्या कामासाठी अर्धा तास. वर्गातील गोंधळ झपाट्याने कमी झाला. 1985 साली बाल्टिमोर शहरात पहिलीच्या मुलांबरोबर हाच खेळ खेळला गेला. ती मुले तरुण झाल्यावर त्यांची पाहणी केली असता, लहानपणी दांडगट असलेल्या मुलग्यांत व्यसनाधीनता कमी आढळली. तथापि येथेही सावधगिरी हवी. एकाच्या चुकीने सर्व गटाला खूण मिळाली की मुले त्या एकावर डूख धरतात. शिक्षकाने त्याला सांभाळून घेतले नाही, तर लँकेस्टरचा ओंडका नव्या रूपात परत येईल.

आपल्या देशात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास बंदी घातली आहे. छडी गेली, हे उत्तमच झाले. तिच्या जागी काय आणायचे, हे मात्र कायदा सांगू शकत नाही. ते शिक्षकांनी आणि आपण ठरवायचे आहे.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. महिनाभर एकही दिवस न चुकविणाऱ्या मुलाचे नाव फळ्यावर लिहा, आणि घरची कामे करून येणाऱ्याच्या बाबतीत त्याची अडचण जमेस धरा. गेल्या महिन्यापेक्षा पाच शब्द अधिक शुद्ध लिहिणाऱ्याला त्याच्या स्वतःच्याच मागच्या वहीशी ताडून शाबासकी द्या. वर्गाने मिळून कविता पाठ केली तर सर्वांना एक गोष्ट वाचून दाखवा. पालकहो, आपल्या मुलाला बक्षीस मिळाले तर वर्गासाठी मूठभर खडीसाखर पाठवा. न मिळाल्यास "कितवा आलास?" हा प्रश्न गिळून टाका आणि "आज कोणाला मदत केलीस?" असे विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गातील कोणी चार दिवस आला नाही, तर त्याच्या घरी जाऊन हाक मारा. त्या हाकेइतके मोठे बक्षीस आम्हां शिक्षकांनाही देता येत नाही.

आपल्या गल्लीत, आपल्या मोहल्ल्यात आजही एखादा जोतीराव मळ्यात, बेकरीत किंवा गॅरेजात अडकून पडला असेल. त्याच्या वडिलांचे दार ठोठावणाऱ्या मुन्शीजींची जागा रिकामी आहे. ती आपण भरून काढावी, एवढीच नम्र विनंती करून आपली रजा घेतो.