रात्रीचा राजा

महाबळेश्वरचा पाऊस पाहायला जाणारे हौशी पुष्कळ. पण तिथल्या माणसांचे पावसाळ्याचे चार महिने कसे जातात, हे त्यांना कुठून कळावे? भिंतींना गवताचे झाप बांधलेले, दारापुढे धुके, आणि वीज तर सरकारी पाहुण्यासारखी, आली तर आली! अशा घरात पत्त्यांचा जोड फार अगत्याचा.

माझी बहीण तिथे दिली आहे. यंदा श्रावणात तिच्याकडे गेलो, तेव्हा माझा भाचा एका काळजीत होता. मोबाईलवर खेळायचा पत्त्यांचा एक खेळ तो स्वतः रचतो आहे.

"मामा, नियम ऐक. सूर्य मावळला की निम्म्या रंगांत उलटापालट. लहान पान मोठं, मोठं लहान. हे अजून कुणालाच सुचलेलं नाही!"

मला हसू आले. मी इतिहासाचा पंडित नव्हे, साधा शाळामास्तर. पण मुलांची सहल घेऊन सावंतवाडीच्या राजवाड्यात गेलो होतो, तिथली गंजिफा मी पाहिलेली.

"अरे, तू जन्मायच्या कितीतरी पिढ्या आधी हे सुचून गेलं आहे," मी म्हणालो.

वाचकहो, गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली गोल पाने. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराने पानांवरच्या चित्रांत फेरफार केले, ते अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवले. मोगली जोड ८ रंगांचा आणि ९६ पानांचा. आपल्याकडे त्याचे दशावतार झाले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२०. तिघे खेळाडू, प्रत्येकाला ४० पाने. हुकूम नाही. राजा आणि प्रधान सर्वांत वरचढ. त्यांच्याखाली मात्र पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा! आणि दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा तो सुरुवात करी. रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, तो.

भाचा गप्पच झाला. मग हिरमुसून म्हणाला, "म्हणजे मी नवं काहीच केलं नाही?"

"केलंस की. त्यांनी उलट क्रम कायमचा ठेवला, रात्रीला फक्त सुरुवातीचा मान दिला. तू दोन्हींची गाठ मारलीस."

त्याला उत्साह आला. आणखी चौदा नियम वहीत होते, ते वाचू लागला. तेव्हा मला म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) आठवले. या राजाला नवे खेळ रचण्याचा भारी नाद. त्यांचा एक जोड १८ रंगांचा, ३६० पानांचा! एवढी पाने हातात धरायची कशी, हा प्रश्न राजाला पडला नसेल. धरायला माणसे होती. पण ते खेळ कुणाच्या ओसरीवर मांडलेले मी तरी ऐकले नाहीत.

तेवढ्यात वीज गेली. मोबाईलही मान टाकून पडला. भाच्याची आजी म्हणाली, "वाट कसली बघता? पानं काढा."

किलवरची दुर्री बाजूला काढली. उरली ५१, तिघांत सतरा-सतरा. हुकूम नाही, कंदील लागलेला, म्हणून लाल रंगांत दुर्री-तिर्री मोठी. आजींच्या वाट्याला बारीकसारीक पाने आली होती. बदामच्या दुर्रीने त्यांनी माझा राजा मारला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "उभ्या जन्मात दुर्रीनं कधी हात केला नव्हता बाई!"

भाच्याने हळूच पुढचे नियम काढले. आजी म्हणाल्या, "एवढं लक्षात ठेवायला मी काय कचेरीतली कारकून आहे?" त्याने मुकाट्याने वही मिटली.

मला सावंतवाडीचीच गोष्ट पुन्हा आठवली. गेल्या शतकात तिथली ही कला एका वृद्ध चिताऱ्यापाशी, पुंडलिक चितारींपाशी, येऊन ठेपली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवले, म्हणून ती तगली. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण लोक ती पाने चौकटीत घालून भिंतीवर लावतात, खेळणारे मोजकेच. चित्र हातात धरून वाचवता येते. नियमाला हात नसतात, पाय नसतात. तो एकाने दुसऱ्याला शिकवला तरच जगतो.

"पण आजी," भाच्याने विचारले, "रात्र नेमकी किती वाजता धरायची?"

"वाजता कसली? दिवे लागले की रात्र."

त्याने वही पुन्हा उघडली आणि तेवढेच लिहून घेतले.

दिवाळीत तुमच्याही घरी डाव मांडले जातील. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणचा एखादा नियम जरूर विचारा. आणि नुसता उतरवून ठेवू नका, एक डाव खेळा.