तंबूतून बाहेर कोण आलं?

आज मी कोलकात्यातल्या बालीगंजमधून बोलतोय. इथल्या स्टेशनात दक्षिणेकडची लोकल पकडली की ढाकुरिया, जादवपूर, गडिया करत थोड्या वेळात सोनारपूर येतं. सगळा सखल मुलूख, टेकडीसुद्धा नाही. पण या सोनारपुरात ‘आरोही’ नावाचा गिर्यारोहण क्लब आहे. रुद्रप्रसाद हलदार हा त्यातला गडी. २०१९ च्या मे महिन्यात तो कांचनजंगेवर होता. सोबत रमेश रॉय, शेख साहाबुद्दीन, बिप्लब बैद्य आणि कुंतल कांडार.

कांचनजंगा ८,५८६ मीटर. जगात तिसरं शिखर. १५ मे रोजी बंगालचे चौघे माथ्यावर पोचले. त्याच दिवशी पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली शिखरावर गेले आणि सुखरूप उतरले. महाराष्ट्रात आपण त्यांचे सत्कार केले, आणि ते योग्यच होतं. बंगालमध्ये मात्र त्याच तारखेचं नाव काढलं की माणसं गप्प होतात. बिप्लब आणि कुंतल परत आले नाहीत.

त्या रात्रीकडे जाण्याआधी ११४ वर्षं मागे जाऊ या. डोंगर तोच आणि बाजूही तीच, यालुंग हिमनदीची.

१९०५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, दार्जिलिंगहून एक तुकडी निघाली. चढाईचा म्होरक्या ॲलिस्टर क्रोली. हाच पुढे तंत्रमंत्राच्या नादापायी जगभर बदनाम झाला. सोबत स्विस डॉक्टर जाको-गिलार्मो. हे दोघं १९०२ मध्ये के-टूवरही एकत्र होते. शिवाय रेमों, तरुण घोडदळ अधिकारी अलेक्सिस पाशे आणि दार्जिलिंगमधला इटालियन हॉटेलवाला दे रिगी. भांडण पेटलं ते हमालांवरून. क्रोली त्यांना मारतो, त्यांना नीट जोडेही नाहीत, अशी इतरांची तक्रार होती. १ सप्टेंबरला त्यांनी क्रोलीचं नेतृत्व झुगारलं आणि भर दुपारनंतर काही हमालांना घेऊन खाली निघाले.

ही वेळच घातकी. दिवसभराच्या उन्हानं बर्फ सैल झालेला असतो. एका दोरावर सहा जण. एकाचा पाय निसटला, त्याच्याबरोबर दुसरा ओढला गेला आणि उतारावरचा बर्फ सुटला. पाशे आणि तीन हमाल गाडले गेले. वाचलेल्यांनी मदतीसाठी हाका मारल्या. रेमों धावत उतरला. क्रोली तंबूतच राहिला. नंतर अलाहाबादच्या ‘पायोनियर’ला त्यानं पत्र पाठवलं: अशा डोंगरी अपघातांबद्दल आपल्याला मुळीच सहानुभूती वाटत नाही, असा त्याचा सूर होता. दुसऱ्या दिवशी तो त्याच वाटेनं सरळ खाली निघून गेला. देह सापडायला आणखी काही दिवस लागले.

आता पुन्हा २०१९. त्याच दिवशी नेपाळचा निर्मल पुर्जा शिखरावरून उतरत होता. ८,४०० मीटरच्या वर त्याला आधी बिप्लब आणि मग कुंतल भेटले. दोघांचाही ऑक्सिजन संपलेला. तिथं हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या एकतृतीयांश. आपली नळी दुसऱ्याला द्यायची म्हणजे आपला मेंदू पणाला लावायचा. पुर्जा आणि त्याच्या साथीदारांनी त्या दिल्या. पुर्जानं नंतर जाहीरपणे सांगितलं की खालच्या छावणीला तासन् तास वायरलेसवरून विनवण्या केल्या, पण ऑक्सिजन घेऊन कुणी वर आलं नाही. दोघंही दगावले.

इथं क्रोलीचं नाव घेऊन छावणीतल्यांना झोडपणं फार सोपं आहे. मी ते करणार नाही. क्रोली सहा हजारांच्या आसपास होता, धडधाकट होता, गरम पांघरुणात होता. २०१९ मध्ये सात हजारांच्या वर तंबूत पडलेले बरेचसे आरोहक स्वतःच शिखर करून, पिळून निघालेले होते. त्यातला कोण उठू शकला असता, हे आपण बालीगंजमध्ये पंख्याखाली बसून कसं ठरवणार? मात्र शिखरमोहिमा आखताना वर जाण्याच्या बाटल्यांचा हिशेब होतो, तसा कुणाला तरी आणायला जाण्याच्या बाटल्यांचा होतो का, हे विचारायला हरकत नाही. मोहिमेला पैसे भरणाऱ्यानं तर ते आधीच विचारावं.

यालुंगच्या काठावर १९०५ चं थडगं आहे. तिथं चार माणसं गेली होती, पण नकाशात आणि बोलण्यात ते ‘पाशेचं थडगं’ म्हणूनच राहिलं. १९५५ मध्ये चार्ल्स इव्हान्सच्या तुकडीनं त्याच परिसरातून वाट काढली आणि जो ब्राउन, जॉर्ज बँड माथ्याशी पोचले. त्या मोहिमेतही पेमी दोर्जे हा शेर्पा गेला. त्याचं नाव किती जणांच्या कानावर आहे?

२०१९ मध्ये पुर्जाबरोबर जे दोघं थांबले, त्यांचीही नावं सांगून ठेवतो. मिंग्मा डेव्हिड शेर्पा आणि गेस्मन तामांग.