दहा सेंटांचं नाणं

उतरा. वेस्ट फोर्थ स्ट्रीट आलं. डब्यातला पंखा इतका वेळ गरम हवा या डोक्यावरून त्या डोक्यावर ढकलत होता आणि नायलॉनचे स्टॉकिंग गुडघ्यामागे चिकटून बसलेत. न्यूयॉर्क, जून १९६७. तुम्ही बावीस वर्षांच्या टायपिस्ट आहात. (पुरुष वाचकांनीही कुरकुर न करता आजच्या दिवस स्टॉकिंग घालायचे.) पर्समध्ये डॉक्टरची चिठ्ठी आहे. तुम्हाला दिवस गेलेत, आठवा आठवडा चालू आहे. लग्न झालेलं नाही, आणि हे अजून कुणापाशी बोललेलाही नाहीत.

जिना चढून वर या. सलिव्हन स्ट्रीटवर सेंट अँथनीची जत्रा भरलीय. वसई-गोव्याच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. डोक्यावर दिव्यांच्या कमानी, संताच्या मूर्तीला टाचलेल्या डॉलरच्या नोटा, बँडचा कर्णा थेट कानात. कढईत झेपोले टम्म फुगताहेत आणि त्यांच्यावरची पिठीसाखर उडून तुमच्या ओठांवर बसतेय. सॉसेज आणि ढोबळ्या मिरचीचा वास एरवी तुम्हाला भूक लावतो. आज मात्र पोटात ढवळतं.

काळ्या कपड्यांतली एक इटालियन आजी तुमचा पांढराफटक चेहरा बघते, दंडाला धरून खुर्चीवर बसवते आणि हातात लिंबाचा बर्फ देते. पैसे काढलेत तर रागावते. याच आजीने फेब्रुवारीतल्या एका रविवारी मिस्सेला बिशपांचं पत्र ऐकलंय. गर्भपाताचा कायदा सैल होऊ देऊ नका, असं राज्यभरच्या कॅथलिक चर्चमध्ये वाचून दाखवलं गेलं, आणि तो सैल करणारं विधेयक विधिमंडळात अडकलं. आजीला यात राजकारण दिसत नाही. पोटातला जीव देवाचा, विषय संपला. तिच्या मायेत खोट नाही. तरी तिला सांगायची हिंमत तुम्हाला होत नाही.

कोपऱ्यावर फोनबूथ आहे. घडीचं दार ओढून घेतलंत की बँड दूर जातो आणि शिळ्या सिगारेटचा, हेअरस्प्रेचा वास उरतो. दहा सेंटांचं नाणं खळकन आत पडतं. घंटी वाजते, पलीकडे फोन उचलला जातो आणि तुम्ही घाबरून ठेवून देता. गेले दहा सेंट! दुसरं नाणं टाका. पलीकडे माणूस नाहीच, ध्वनिफीत आहे. या आठवड्यात कोण भेटू शकेल, त्या पाळकांची नावं ती सांगते. पेन्सिल काढा, लवकर. मग तिसरं नाणं, अपॉइंटमेंटसाठी.

गेल्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर ही बातमी छापली. २१ प्रोटेस्टंट पाळक आणि ज्यू रब्बी अडलेल्या बायकांना वाट दाखवणार, तेही स्वतःच्या नावानिशी. यासाठी काढलेल्या संस्थेच्या नावात ‘अबॉर्शन’ हा शब्द त्यांनी मुद्दाम ठेवला. तो शब्द आपण कुजबुजतच उच्चारतो. मला विचाराल तर निम्मं धाडस तिथेच होतं.

भेटीच्या दिवशी वॉशिंग्टन स्क्वेअरमधून चालत जा. कारंज्याच्या कठड्यावर गिटारी, सावलीत बुद्धिबळाचे डाव. दक्षिणेला पिवळ्या विटांचं, चौकोनी मनोऱ्याचं जडसन मेमोरियल चर्च. ज्या अडोनिराम जडसन यांचं ते स्मारक, ते १८१२ साली धर्मप्रसाराला निघाले आणि पुढे ब्रह्मदेशात पोचले. त्यांच्याच तुकडीतले हॉल आणि नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. आता या जडसन चर्चचे पाळक आहेत हॉवर्ड मूडी. बारीक कापलेले केस, एकेकाळचे मरीन सैनिक. या सगळ्या खटाटोपाचे म्होरके तेच.

तुमचे पाळक दोन गल्ल्या पुढे बसतात. टेबलफॅनने कागद उडू नयेत म्हणून त्यांनी वर बायबल ठेवलंय. प्रवचन ऐकायची तयारी करून तुम्ही आलात, आणि ते विचारतात, किती आठवडे झाले? सोबत कोण येईल? मूल ठेवायचं का, याचाही विचार झाला का? मग चिठ्ठी वाचतात आणि एका डॉक्टरचा पत्ता देतात, शक्यतो राज्याबाहेरचा, म्हणजे इथल्या सरकारी वकिलाला खटला उभा करणं जड जाईल. डॉक्टर पारखूनच घेतलेले असतात. जडसन चर्चच्या आर्लीन कार्मेन गरोदर असल्याचं सोंग घेऊन अशा दवाखान्यांत जाऊन बसत. डॉक्टरचे पैसे काही शे डॉलर होतील. ते कुठून आणायचे, हे तुमच्या पगाराला विचारा.

उठता उठता तुम्ही पर्स उघडता. इथली फी किती?

काही नाही. फोनचे तीस सेंट काय ते तुमचे, आणि त्यातलेही दहा घाबरण्यात गेले.