टास्क किलर ॲप

टास्क किलर ॲप : स्मार्टफोनमध्ये बॅकग्राउंडला राहिलेल्या इतर ॲपच्या प्रोसेस बंद करून रॅम मोकळी करणारे ॲप. ‘रॅम बूस्टर’, ‘स्पीड बूस्टर’, ‘फोन क्लीनर’ या नावांनी मिळणाऱ्या ॲपमध्येही हेच काम मुख्य असते. त्याला कॅशे पुसणे, नको त्या फाइल शोधणे, बॅटरी वाचवणे अशा सोयी जोडलेल्या असतात. हा प्रकार प्रामुख्याने अँड्रॉइड प्रणालीवर आढळतो. अशा ॲपमुळे फोन वेगवान होतो, हा दावा नेहमीच्या वापरात खरा ठरत नाही. अँड्रॉइड प्रणाली रॅमची वाटणी स्वतः करते आणि त्यासाठी लागणारी माहिती फक्त तिच्याकडेच असते. बाहेरून केलेल्या सरसकट बंदीमुळे ॲप पुन्हा उघडायला जास्त वेळ लागतो आणि बॅटरीही जास्त खर्च होऊ शकते. एखादे ॲप बिघडले असेल, तर तेवढेच बंद करणे मात्र उपयोगी पडते.

पार्श्वभूमी : चालू प्रोग्रॅमची यादी पाहून नको तो बंद करण्याची सवय संगणकावरून फोनवर आली. विंडोज मोबाइल प्रणालीच्या हातफोनांवर फुलीचे बटण दाबले तरी बरेच प्रोग्रॅम बंद न होता फक्त पडद्याआड जात. त्यामुळे तेथे टास्क मॅनेजर ही गरजेची वस्तू मानली जाई. ऑक्टोबर २००८ मध्ये बाजारात आलेल्या एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये १९२ एमबी रॅम होती. या प्रणालीतील ॲपना ‘बाहेर पडा’ असे बटण नसे. होमचे बटण दाबले की ॲप मागे जाई आणि यादीत दिसत राही. यादीत दिसते ते सगळे चालू आहे आणि फोनला ओझे होत आहे, असा समज त्यातून रुजला. ‘ॲडव्हान्स्ड टास्क किलर’सारखी ॲप याच काळात लोकप्रिय झाली. त्या जुन्या, अपुऱ्या रॅमच्या फोनवर त्यांचा काही फायदा होत होता का, याविषयी जाणकारांत एकमत नाही.

अँड्रॉइडमधील मेमरी व्यवस्थापन : अँड्रॉइडचा गाभा लिनक्स कर्नलचा आहे. सामान्यतः प्रत्येक ॲप स्वतंत्र प्रोसेसमध्ये आणि स्वतंत्र लिनक्स वापरकर्ता-क्रमांकाखाली चालते. फोन सुरू होताना ‘झायगोट’ नावाची एक मूळ प्रोसेस तयार होते आणि सर्व ॲपना लागणारे सामाईक वर्ग व साधने आधीच मेमरीत आणते. पुढे प्रत्येक ॲपची प्रोसेस या झायगोटपासून फुटते. मेमरीच्या ज्या पानांत बदल झालेला नाही, ती पाने सर्व ॲप मिळून वापरतात. एकेका ॲपने व्यापलेली रॅम वेगवेगळी मोजून बेरीज केली, तर हीच सामाईक पाने पुन्हा पुन्हा मोजली जातात. ‘इतके एमबी मोकळे केले’ असा आकडा अशा बेरजेवर आधारलेला असेल, तर तो प्रत्यक्षापेक्षा फुगलेला असतो.

ॲप मागे गेले की त्याची प्रोसेस लगेच मारली जात नाही. ती ‘कॅश्ड’ अवस्थेत राहते, म्हणजे रॅममध्ये असते, पण सहसा काम करत नाही. वापरकर्ता परत आला की ते ॲप होते तिथूनच क्षणात समोर येते. वापरात नसलेली रॅम रिकामी ठेवून वेग वाढत नाही, म्हणून लिनक्स कर्नलही उरलेल्या रॅममध्ये स्टोरेजवरील फाइलींच्या प्रती ठेवतो आणि गरज पडताच त्या सोडून देतो. फोनच्या सेटिंगमध्ये रॅम बरीचशी भरलेली दिसणे हे म्हणूनच सुस्थितीचे लक्षण असू शकते.

कोणती प्रोसेस किती महत्त्वाची आहे, याची उतरंड प्रणाली सतत मांडत असते. पडद्यावर असलेले ॲप सर्वांत वर असते. त्याखाली अंशतः दिसणारी ॲप, मग गाणी वाजवण्यासारखे वापरकर्त्याला जाणवणारे काम करणारी ॲप, मग मागे चालणाऱ्या सर्व्हिस आणि शेवटी कॅश्ड प्रोसेस येतात. प्रत्येक प्रोसेसला त्यानुसार अंक दिला जातो. अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पडद्यावरील ॲपचा अंक ०, दिसणाऱ्या ॲपचा १००, होम स्क्रीनचा ६००, नुकत्याच सोडलेल्या ॲपचा ७०० आणि कॅश्ड प्रोसेसचे अंक ९०० ते ९९९ असतात. रॅम कमी पडू लागली की ‘लो मेमरी किलर’ ही यंत्रणा सर्वांत मोठ्या अंकाच्या प्रोसेसपासून मारायला सुरुवात करते. म्हणजे फोनमध्ये एक टास्क किलर मुळातच असतो. तो रॅमची खरोखर गरज पडेपर्यंत थांबतो आणि महत्त्व पाहून निवड करतो.

ही यंत्रणा सुरुवातीला कर्नलमधील ड्रायव्हरच्या रूपात होती. लिनक्स ४.१२ मध्ये मुख्य कर्नलमधून तो ड्रायव्हर काढण्यात आला आणि अँड्रॉइड ९ पासून हे काम ‘एलएमकेडी’ या कर्नलबाहेरील सेवेकडे जाऊ लागले. मेमरीच्या तुटवड्यामुळे कामे किती खोळंबली, हे मोजणारी ‘पीएसआय’ ही सोय लिनक्स ४.२० मध्ये आली आणि अँड्रॉइड १० पासून एलएमकेडी तिचा उपयोग करू लागली. त्यामुळे निर्णय केवळ मोकळ्या रॅमच्या आकड्यावर न होता प्रत्यक्ष अडथळ्यावर होऊ लागला. या बदलाने आकडा आणि अनुभव यांतील फरक प्रणालीच्याच रचनेत मान्य झाला.

प्रणालीने प्रोसेस मारली तरी वापरकर्त्याला सहसा कळू नये, अशी आखणी आहे. ॲप मागे जातानाच त्याची स्थिती जपून ठेवण्याची संधी त्याला मिळते. ते पुन्हा उघडल्यावर ती स्थिती परत मिळते. अँड्रॉइड ४.० ते १३ या आवृत्त्यांत रॅम कमी पडत असल्याची सूचना टप्प्याटप्प्याने ॲपना दिली जाई आणि नीट लिहिलेले ॲप स्वतःच पसारा आवरत असे. प्रोसेस मारून स्थिती परत देण्याची कार्यपद्धती अँड्रॉइडच्या अभियंत्या डायॅन हॅकबॉर्न यांनी एप्रिल २०१० मध्ये एका लेखात विस्ताराने मांडली होती.

कमी रॅमच्या फोनसाठी वेगळे प्रयत्न झाले. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये ‘प्रोजेक्ट स्वेल्ट’ या नावाने ५१२ एमबी रॅमवर प्रणाली चालवण्याचे काम झाले. ‘झेडरॅम’ या तंत्रात मेमरीतील पाने कॉम्प्रेस करून रॅममध्येच ठेवली जातात. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस यांचे १ जीबी रॅमचे अँड्रॉइड वन फोन आले. २०१७ मध्ये १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमसाठी अँड्रॉइड गो जाहीर झाले. या फोनवर चार-दोन ॲप उघडली की आधीची मारली जातात आणि प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतात. रॅम लवकर संपते, म्हणून टास्क किलरचा मोह अशाच फोनवर सर्वांत जास्त होतो. पण तेथे प्रोसेसर आणि स्टोरेजही मंद असल्याने नव्याने सुरू होण्याची किंमतही तेथेच सर्वांत जास्त असते.

बंद करण्याचे प्रकार : तीन कृती एकच समजल्या जातात, पण त्यांचे परिणाम वेगळे आहेत. (१) बॅकग्राउंड प्रोसेस मारणे : प्रोसेस जाते, पण ॲपने लावलेले अलार्म व नोंदवलेल्या सूचना कायम राहतात आणि त्या आल्या की ॲप पुन्हा जागे होते. (२) फोर्स स्टॉप : ॲप ‘थांबलेल्या’ अवस्थेत जाते. त्याच्या सर्व्हिस व अलार्म रद्द होतात आणि वापरकर्त्याने स्वतः उघडेपर्यंत त्याला सामान्यतः संदेश पोहोचत नाहीत. ही अवस्था अँड्रॉइड ३.१ पासून आहे. (३) अलीकडच्या ॲपच्या यादीतून सरकवून काढणे किंवा ‘क्लिअर ऑल’ : मूळ अँड्रॉइडमध्ये यामुळे ते काम यादीतून जाते, सर्व्हिस चालू राहू शकते. काही कंपन्यांच्या फोनवर मात्र हीच कृती फोर्स स्टॉपसारखी वागते.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत एका ॲपला दुसरे ॲप जवळजवळ पूर्णपणे थांबवता येई. त्याने इतरांचे अलार्म व सर्व्हिस मोडत असल्याने २०१० च्या अँड्रॉइड २.२ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली आणि फक्त बॅकग्राउंड प्रोसेस मारण्याची परवानगी उरली.

वेगावर परिणाम : ॲप सुरू होण्याचे तीन प्रकार मानले जातात. ‘कोल्ड स्टार्ट’मध्ये नवी प्रोसेस फोडणे, ॲपचा कोड स्टोरेजवरून वाचणे, पडद्याची रचना उभी करणे आणि पहिले चित्र काढणे हे सारे करावे लागते. ‘वॉर्म स्टार्ट’मध्ये यांतील काही टप्पे वाचतात, ‘हॉट स्टार्ट’मध्ये मेमरीत तयार असलेला पडदा फक्त पुढे येतो. ॲप-निर्मात्यांसाठीच्या मोजमापात गूगल कोल्ड स्टार्टला ५ सेकंद, वॉर्म स्टार्टला २ सेकंद व हॉट स्टार्टला १.५ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास तो अवाजवी मानते. या मर्यादांवरूनही तिन्हींतील अंतर कळते. कॅश्ड प्रोसेस मारली की पुढची सुरुवात कोल्ड होते. दिवसभर लागणारी भांडी ओट्यावरून उचलून दर वेळी माळ्यावर ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे.

‘बूस्ट’ केल्यावर फोन हलका झाल्याचा अनुभव अनेक वापरकर्ते सांगतात आणि तो नेहमीच खोटा असतो असे म्हणता येत नाही. मागे एखादे ॲप खरोखर प्रोसेसर वापरत असेल, तर ते मरताच समोरचे काम सुधारते. मात्र ते ॲप स्वतःला पुन्हा सुरू करणाऱ्यांपैकी असेल, तर हा फरक टिकत नाही.

बॅटरीवर परिणाम : रॅमला वीज लागते ती तिच्यातील माहिती टिकवण्यासाठी ठरावीक काळाने करावी लागणारी उजळणी व माहितीची ने-आण यांसाठी. मेमरीत एखादे निष्क्रिय ॲप आहे की नाही, याने उजळणीचा खर्च सहसा बदलत नाही. वीज खाणारी कामे वेगळी असतात : प्रोसेसर जागा ठेवणे, जीपीएस, नेटवर्क आणि पडदा. अँड्रॉइड २.० पासून एखाद्या सर्व्हिसला ‘मारली गेल्यास मला पुन्हा सुरू कर’ असे प्रणालीला सांगता येते. टास्क किलरने ती मारावी, प्रणालीने ती पुन्हा उभी करावी, किलरने परत मारावी, असे चक्र चालू राहिले, तर वाचण्याऐवजी चार्जिंग लवकर उतरते. त्यासाठी किलरलाही सतत जागे राहावे लागते.

उपयुक्त प्रसंग : ॲप प्रतिसाद देत नसेल, त्याची मेमरी गळत असेल, काम नसताना ते फोन जागा ठेवत असेल किंवा लोकेशन वापरत राहिले असेल, तर ते बंद करणे योग्य. यासाठी वेगळे ॲप लागत नाही. सेटिंगमधील बॅटरी-वापराच्या यादीत दोषी ॲप शोधून तेथूनच फोर्स स्टॉप करता येते. तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते ॲप अपडेट करणे किंवा काढून टाकणे हाच उपाय. फोन एकूणच अडखळत असेल, तर स्टोरेज भरत आले आहे का तेही पाहावे. रॅम मोकळी करून ती अडचण सुटत नाही.

उत्पादकांची बंदी-यंत्रणा : अनेक कंपन्या आपल्या फोनमध्ये बॅकग्राउंडची ॲप आक्रमकपणे बंद करणारी यंत्रणा घालतात. त्यामुळे गजर न वाजणे, संदेश उशिरा येणे, पावले मोजणे मध्येच थांबणे अशा तक्रारी येतात. ‘डोन्ट किल माय ॲप’ हे संकेतस्थळ अशा वर्तनाची कंपनीनिहाय नोंद ठेवते. औषधाच्या वेळेची आठवण किंवा रक्तातील साखर दाखवणारे ॲप अशा बंदीत अडकले, तर प्रश्न वेगाचा राहत नाही. अशा ॲपला बॅटरी-सेटिंगमध्ये सूट द्यावी.

आयओएस : ॲपलच्या प्रणालीत एका ॲपला दुसरे ॲप बंद करता येत नाही. २०१० मध्ये आयफोनवर मल्टिटास्किंग जाहीर करताना स्टीव्ह जॉब्स यांनी टास्क मॅनेजरची गरज पडणे हे रचनेचे अपयश ठरवले होते. बॅटरीसाठी ॲप बंद करावीत का, या प्रश्नाला मार्च २०१६ मध्ये ॲपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडरिघी यांनी नकारार्थी उत्तर दिले. अँड्रॉइडचे तत्कालीन प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही त्याच सुमारास तसाच कौल दिला. बिघडलेल्या ॲपचा अपवाद त्यांनी नोंदवला.

व्यवसाय : यांतील बहुतेक ॲप फुकट असून उत्पन्न जाहिरातींचे असते. चीता मोबाइलचे ‘क्लीन मास्टर’ हे त्यांतील प्रसिद्ध ॲप होते. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ अन्वये बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ‘क्लीन मास्टर’, ‘डीयू क्लीनर’ आणि ‘डीयू बॅटरी सेव्हर’ यांचा समावेश होता. बंदीचे कारण सार्वभौमत्व व सुरक्षितता हे होते. या ॲपच्या उपयुक्ततेशी तिचा संबंध नव्हता.

सद्यस्थिती : अँड्रॉइड ६ (२०१५) मधील ‘डोझ’, अँड्रॉइड ८ मधील बॅकग्राउंड मर्यादा, अँड्रॉइड ९ मधील वापरानुसार ॲपची वर्गवारी आणि अँड्रॉइड ११ पासूनची कॅश्ड प्रोसेस गोठवण्याची सोय यांमुळे ॲप मेमरीत ठेवूनही त्याचे काम रोखता येऊ लागले. गोठवलेली प्रोसेस प्रोसेसर वापरत नाही, पण तिची रॅममधील जागा कायम राहते. अँड्रॉइड १४ (२०२३) पासून ॲपना केवळ स्वतःच्याच बॅकग्राउंड प्रोसेस मारता येतात. त्यामुळे या आवृत्तीपासून सामान्य टास्क किलरला मूळ काम करण्याची वाट उरलेली नाही. ‘बूस्ट’चे बटण दाखवणारी ॲप अजूनही मिळतात, पण नव्या फोनवर ती काढून टाकल्याने वेगाच्या बाबतीत काहीही गमावले जात नाही आणि तेवढी जागा व बॅटरी वाचते.