ओझे

दिवाळीच्या सुट्टीत आंबीस निघालो, तेव्हा सौ.ने दोन ट्रंका, वळकटी आणि फराळाचे डबे बांधले. मी पडलो मास्तर. तिला इतिहास ऐकविला. "अगं, १७७९ साली पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेबरोबर १९,००० बैल होते! जानेवारीत ती रखडत आमच्या तळेगावापर्यंत पोहोचली. पुढे मराठे, पाठीशी घाट. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून फौज माघारी फिरली. वडगावास मराठ्यांनी गाठली आणि महादजी शिंद्यांपुढे तह करावा लागला."

"मग तुमची पुस्तकांची ट्रंक आधी तळ्यात लोटा," सौ. म्हणाली. "सासूबाई वर्षभर वाट पाहतात, अन् तुम्ही तिथेही वाचीतच बसता."

मी निमूटपणे ती ट्रंक घरीच ठेवली.