घाटरस्ता, फियाट आणि चाकांचे कोन

चाक रस्त्यावर किती कललेले असावे, हा प्रश्न मोटारीहून जुना आहे. युरोपातले घोडागाडीचे कारागीर आखाची टोके थोडी खाली झुकवत. चाक बशीसारखे खोलगट असे, त्यामुळे भार पेलणारा खालचा आरा सरळ उभा राही. १८१७ मध्ये म्युनिकच्या लांकेनश्पेर्गरने वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळेल अशी रचना केली. इंग्लंडमधले पेटंट मात्र १८१८ मध्ये रुडॉल्फ अकरमानच्या नावावर निघाले आणि तेच नाव टिकले. मोटारीला हे दोन्ही वारसे आयते मिळाले.

साताऱ्याजवळच्या जावळी खोऱ्यात त्यांची कसोटी रस्त्यानेच घेतली. वेण्णेकाठच्या मेढ्याहून रस्ता केळघरला जातो आणि पुढे घाट चढून महाबळेश्वर गाठतो. साताऱ्याहून मेढ्यापर्यंत तो बऱ्यापैकी सरळ, तर घाटात वळणामागे वळण. पावसाळ्यात त्यावर खड्डे आणि चिखल यांची भर पडते. १९४८ मध्ये राज्यात एसटी सुरू झाली. त्या काळच्या बसला आणि जीपला पुढे अखंड आख असे. त्यात चाकाचा कल, म्हणजे कॅम्बर, कारखान्यातच ठरून येई. मेकॅनिकच्या हाती उरे तो ट्रॅक रॉड फिरवून टो-इन, म्हणजे चाकांची तोंडे पुढे किंचित आत वळवणे, हा भाग.

निवडीला खरा वाव दिला फियाटने. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले आणि १९७० च्या दशकात तीच गाडी ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, मागे पाटे आणि पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र विशबोन व कॉइल स्प्रिंग, अशी तिची बांधणी होती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर याच गाड्या सुधारून शर्यतीत उतरवल्या जात.

तिच्या काळच्या मोटारींत चाकाचा वरचा भाग किंचित बाहेर कललेला ठेवण्याची रीत होती. रस्ते मध्ये उंच व कडेला उतरते असत, टायर क्रॉसप्लाय, आणि गाडीत माणसे व सामान भरले की चाक आपोआप आत झुके. कुटुंबाच्या गाडीसाठी तो हिशोब बरोबरच होता. पण वळणावर गाडी कलते तेव्हा बराचसा भार बाहेरच्या चाकावर जातो आणि ते आणखी बाहेर झुकते. टायरची आतली कड उचलली जाते, बाहेरची घासते, पकड घटते. रेडियल टायर आल्यावर हा दोष ठळक झाला, कारण त्याचा रुंद पट्टा सपाट टेकला तरच तो पूर्ण पकड देतो.

संगणकीय यंत्रे येण्यापूर्वी चाकांचे कोन मोजण्याचे काम ओळंबा, सूत आणि खडूवर चाले. गाडी सपाट फरशीवर उभी करायची, हवा सारखी भरायची, चाकासमोर ओळंबा सोडायचा. १४ इंची रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजायचे. फरक सुमारे ६ मिलिमीटर भरला, तर कल एक अंशाचा. टो-इनसाठी टायरच्या मध्यावर खडूची खूण करून पुढचे अंतर घ्यायचे, गाडी ढकलून तीच खूण मागे आणायची आणि पुन्हा मोजायचे. ही रीत खडबडीत वाटते, पण काळजीपूर्वक केली तर आजही विश्वासाची आहे.

घाटात चपळ चालावी म्हणून जुन्या पद्मिनीचे कोन लावताना क्रम चुकवू नये. आधी किंगपिन, बुश आणि टाय रॉडची टोके पाहावीत. किंगपिनला वेळेवर ग्रीस न मिळाल्यास खेळ येतो, आणि खेळ असलेल्या चाकाचा कोन मोजून काही उपयोग नाही. नंतर स्प्रिंग व गाडीची उंची. मग कॅस्टर, म्हणजे वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव: तो वाढवला की स्टेअरिंग आपोआप सरळ होते आणि वळणात बाहेरचे चाक आत झुकते, मात्र हात जड होतो. तीन-चार अंशांपलीकडे जाणे रोजच्या गाडीला शहाणपणाचे नाही. रेडियल टायरवर अर्धा ते एक अंश आतला कॅम्बर पुरतो. त्याहून जास्त ठेवला तर साताऱ्याच्या सरळ रस्त्यावर टायर आतून खाल्ला जातो.

टो शेवटी, कारण आधीचा प्रत्येक बदल त्याला हलवतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची चाके रस्त्याच्या विरोधाने बाहेर उघडू पाहतात, म्हणून एक-दोन मिलिमीटर आत. १९८३ च्या मारुती ८०० मध्ये पुढचीच चाके ओढतात; तिचा आकडा पद्मिनीला लावणे ही चूक आहे.

नंतर पाचशे-हजार किलोमीटर चालवून टायरवर आडवा हात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले, तर टो पुन्हा लावावा.