कुत्र्याला दही द्यावं का? कधी चालतं, कधी अंगाशी येतं

दुपारची जेवणं आटोपली की उरलेल्या भातावर दोन पळ्या दही घालायचं, कालवायचं आणि कुत्र्यापुढे ठेवायचं, ही महाराष्ट्रातल्या अनेक घरांतली जुनी सवय. उन्हाळ्यात थंडावा मिळतो म्हणून, पोट बिघडलं की आराम पडतो म्हणून, आणि एरवी दुसरं काही हाताशी नाही म्हणूनही दहीभात दिला जातो. कुत्रं तो चाटूनपुसून खातं, त्यामुळे शंका घेण्याचं कारणही दिसत नाही.

साधं, ताजं, बिनसाखरेचं दही बहुतेक निरोगी, मोठ्या कुत्र्यांना थोड्या प्रमाणात चालतं. खाऊ म्हणून त्याला हरकत नाही. पण दही औषधाच्या जागी वापरलं जातं, तेव्हा गडबड सुरू होते.

दुधापेक्षा दही बरं, ते का?

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवण्यासाठी आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. आईचं दूध पिणाऱ्या पिल्लांमध्ये ते भरपूर असतं. दूध सुटलं की हळूहळू कमी होत जातं. त्यामुळे मोठ्या कुत्र्याला वाटीभर दूध दिलं की न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस, जुलाब सुरू होतात. दही लागताना विरजणातले जिवाणू यातल्या काही लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल करतात. काहीच, सगळ्याचं नाही. म्हणून दूध न सोसणाऱ्या काही कुत्र्यांना दही सोसतं आणि काहींना तेही सोसत नाही. चक्क्यातून पाणी निथळून जातं, त्याबरोबर आणखी थोडं लॅक्टोजही जातं. पण चक्का घट्ट असल्यामुळे चमचाभरातही स्निग्धांश आणि उष्मांक जास्त येतात.

दह्याखालच्या भाताचं म्हणाल तर तो कुत्र्याला पचतो. स्टार्च पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, हे 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगल्याचा हा परिणाम असावा. तरीही रोज दोन्ही वेळा नुसता दहीभात हा कुत्र्याचा पुरा आहार होत नाही. त्यात प्रथिनं कमी पडतात आणि काही जीवनसत्त्वं, खनिजंही.

किती द्यावं?

मुख्य आहाराबाहेरचा सगळा खाऊ मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण संकेत आहे. साधारण 10 किलो वजनाच्या कुत्र्याला दोन-तीन मोठे चमचे दही पुरे. पहिल्यांदा एक छोटा चमचा देऊन दिवसभर शी कशी होते ते बघावं. म्हशीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट स्निग्धांश असतो, त्यामुळे सायीचं घट्ट दही लठ्ठ कुत्र्याला किंवा पूर्वी स्वादुपिंडाला सूज आलेल्या कुत्र्याला देऊच नये. दही खाल्ल्यावर जुलाब होत नाहीत, पण कान-पंजे सतत खाजत राहतात, असं दिसलं तर दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. कुत्र्यांना ज्या पदार्थांची ॲलर्जी वारंवार आढळते, त्यांत दुग्धजन्य पदार्थ आहेत.

नुसतं दही वेगळं आणि दह्याचे पदार्थ वेगळे. कोशिंबिरीतला कांदा आणि कढीतला लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्यानं तो दोष जात नाही. श्रीखंडात साखर असतेच, वर बेदाणे असतील तर मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका. मठ्ठ्यात मीठ-मिरची असते. बाजारच्या ‘शुगर फ्री’ योगर्टमध्ये झायलिटॉल असेल तर ते सगळ्यात घातक: कुत्र्याच्या शरीरात त्यामुळे इन्सुलिन एकदम वाढतं, रक्तातली साखर झपाट्यानं घसरते, झटके येऊ शकतात, यकृतालाही इजा होते. डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय असं योगर्ट देऊ नये.

जुलाब लागले तर?

मोठ्या कुत्र्यानं बाहेर काहीतरी खाल्लं, एक-दोनदा पातळ झालं, पण ते हुंदडतंय, पाणी पितंय, तर चमचाभर दह्यानं नुकसान होण्याची शक्यता कमी. फायदा होईलच असंही नाही. विरजणातले जिवाणू दुधात वाढण्यासाठी असतात, कुत्र्याच्या आतड्यासाठी निवडलेले नसतात; पोटातल्या आम्लातून त्यातले किती जिवंत सुटतात, हाही प्रश्नच. कुत्र्यांसाठीची प्रोबायोटिक्स वेगळी मिळतात.

पिल्लाच्या बाबतीत मात्र थांबायला वेळ नसतो. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू उलट्या करतंय, मलूल पडलंय, पातळ शीला घाण वास आहे किंवा रक्त दिसतंय, तर तो पार्व्हो असू शकतो. यात आतड्याचं अस्तरच झडतं आणि शरीरातलं पाणी वेगानं कमी होतं. अशा पिल्लाला सलाईन लागतं. ‘आज दहीभात देऊन बघू, उद्या दवाखान्यात नेऊ’ म्हणत गेलेला तो एक दिवस कित्येकदा जिवावर बेततो.

दुसरी चूक अगदी प्रेमापोटी होते. गोचिडांमुळे येणाऱ्या तापावर अनेकदा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात, तीन-चार आठवडे. कडू गोळी कुत्रं थुंकतं, म्हणून ती दह्यात लपवली जाते. दह्यातलं कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. एन्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या काही प्रतिजैविकांचंही तसंच. कोर्स पूर्ण होतो, पण डोस पुरेसा पोचलेलाच नसतो. अशी गोळी दही, दूध, पनीर सोडून दुसऱ्या घासात घालावी, वर पाणी पाजावं, आणि दह्याचा खाऊ किती तासांनी द्यायचा ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

उन्हाळ्यातल्या थंडाव्याबद्दल थोडंसं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंगातली उष्णता घालवतं. दह्यातून, पातळ ताकातून थोडं पाणी पोटात जातं, इतकंच. सावली आणि भरलेलं भांडं हेच खरं काम करतात. ऊन लागून कुत्रं लटपटत असेल तर तोंडात काही घालत बसू नये. अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठावा.

आणि फ्रिजमध्ये मागे राहून बुरशी धरलेलं दही ‘टाकायचं कशाला’ म्हणून गल्लीतल्या कुत्र्यांना घालू नये. दुग्धजन्य पदार्थांवरच्या काही बुरशींच्या विषानं कुत्र्यांना थरकाप आणि झटके येतात.